रोह्याचं लेथ

मिथुन म्हात्रेचं पेणमध्ये चष्म्याचं दुकान होतं. सोमवारी दुकान बंद असायचं, आणि सोमवारचा अख्खा दिवस तो घरामागच्या शेडमध्ये काढायचा. ही शेड पूर्वी एका गणपतीच्या कारखान्याने भाड्याने घेतली होती. कारखाना मोठ्या जागेत गेला, पण भिंतींवर पितांबराचा पिवळा आणि उंदरांचा करडा रंग उडालेला तसाच राहिला. मिथुनने मग शेड दुसऱ्या कुणाला दिली नाही. तिथे त्याने एक दणकट टेबल मांडलं, तुकडा घट्ट धरायचा व्हाइस बसवला, ड्रिल मशीन आणलं. त्याला वाफेवर चालणारं इंजिन बनवायचं होतं. खेळण्याएवढं, पण खरोखर चालणारं.

त्यासाठी लेथ हवं होतं. पितळेचा किंवा लोखंडाचा तुकडा गरागरा फिरवायचा आणि त्याला हत्यार लावून हवा तसा कातून काढायचा, हे दुसऱ्या कुठल्या मशीनवर होत नाही. दोन वर्षं मिथुन लेथ शोधत होता. पनवेलला एका दुकानात टेबलावर मावणारं नवं कोरं मशीन होतं, पण त्याने हत्यार धरायचा भाग अंगठ्याने दाबून पाहिला तर तो हलला. अंगठ्याने हलतं ते लोखंडापुढे काय टिकणार? खोपोलीला एक जुनं धूड मिळालं. त्याचा बेड, म्हणजे ज्या रुळांवर सगळं मागेपुढे सरकतं तो भाग, इतका झिजलेला होता की बोट फिरवलं तर पायरी लागत होती. तिसऱ्याचा रंग सुरेख होता आणि गिअर रेती दळल्यासारखे वाजत होते.

"लोक पोरीसाठी स्थळं बघतात तसं चाललंय तुमचं," त्याची बायको दिपिका म्हणायची. "हिचं नाक बसकं, तिची उंची कमी."

"एकदाच घ्यायचंय गो," तो म्हणायचा.

एका दुपारी रोह्याहून एक माणूस आपल्या वडिलांना घेऊन दुकानात आला. रितेश शेडगे त्याचं नाव, धाटावच्या एका कंपनीत ऑपरेटर होता. वडिलांना सगळे दाजी म्हणायचे. पंच्याहत्तरी ओलांडलेला, सडपातळ, हाताची बोटं जाड आणि नखांच्या कडा कायमच्या काळ्या झालेला म्हातारा.

"रोह्यात दोन ठिकानी दाखवलं," रितेश म्हणाला. "दोघं बोलले नंबर फार नाय. पन चहा पिऊन कप टेबलाच्या बाहेर ठेवतात, हवेत. परवा भिंतीलाच दरवाजा समजून उभे राहिले. दिसत नसनार म्हनून इथं आनलं, माझ्या बायकोचं, वैशालीचं, माहेर हितलंच हाय."

मिथुनने दाजींना खुर्चीत बसवलं. दाजींनी तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळसुद्धा वाचली. वाचायच्या चष्म्याचा थोडा नंबर निघाला, बाकी काही नाही.

"डोळे उत्तम आहेत," मिथुन म्हणाला.

रितेशने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने काहीतरी वाईट सांगितलं होतं. "मग काय असंल?"

मिथुनच्या मावशीचं असंच झालं होतं. पण तो डॉक्टर नव्हता. "अलिबागला किंवा पनवेलला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा एकदा," एवढंच तो बोलला.

दाजी तोवर काउंटरवर पडलेला कागद बघत होते. मिथुनने इंटरनेटवरून काढलेलं लेथचं चित्र होतं ते. दाजींनी त्यावर बोट ठेवलं. "ह्या कंपनीचा टेलस्टॉक भिकार असतो. घेऊ नका."

"बाबांचं स्वतःचं मशीन हाय," रितेश म्हणाला. "साडेचार फुटी. अष्टमी गावाच्या रस्त्याला गाळा हाय आमचा." आणि मग, दाजींना ऐकू जाणार नाही अशा बेताने, "विकायचंच हाय ते."

पुढच्या सोमवारी मिथुन रोह्याला गेला. गाळा अरुंद होता, आणि मशीन आत शिरतानाच दिसत होतं. हिरवा रंग ठिकठिकाणी उडालेला, पण बेड तेलाने चमकत होता. दाजींना वाटलं, गिऱ्हाईक आलंय. "काय करायचं हाय? बुश?" असं विचारून त्यांनी कोपऱ्यातला लोखंडाचा तुकडा उचलला, चकमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या जबड्यात, धरला, चावीने आवळला आणि बटनाकडे हात नेला. शेजारी उभ्या असलेल्या रितेशने पटकन हात घालून चकमधली चावी काढून घेतली. त्याच्या त्या हालचालीवरून कळत होतं की हे रोजचं आहे. मशीन फिरू लागलं. दाजींनी हत्यार लावलं, आणि लोखंडाची एक लांब निळसर सुरळी निघत राहिली, न तुटता.

मशीन थांबल्यावर मिथुनने बेडवरून बोट फिरवलं. चकजवळ जरा झीज होती, बाकी सरळ. चकला हात घालून हलवून पाहिलं, काही हललं नाही. फिरताना आवाजही एकसारखा होता. त्याला हवं होतं तेच मशीन समोर उभं होतं.

बाहेर चहाच्या टपरीवर रितेश म्हणाला, "गाळा सोडतोय आमी. बाबांना हितं एकटं ठेवता येत नाय. माझ्या शिफ्टा, घरात वैशाली एकटी."

"त्यांना सांगितलंत, मशीन विकतोय म्हणून?"

"दोनदा सांगितलं. दोन्ही टायमाला 'बरं' बोलले. दुसऱ्या दिवशी चावी घेऊन गाळ्यावर हजर. तिसऱ्यांदा सांगायला माझी जीभ उचलत नाय हो."

मिथुनला त्याच वेळी नाही म्हणता आलं असतं. मी नाही घेतलं तर भंगारात जाईल, असं त्याने स्वतःला समजावलं, आणि ते खोटंही नव्हतं. ज्या दिवशी दाजींना तपासणीसाठी अलिबागला नेलं होतं, त्या दिवशी हायड्रा क्रेनने मशीन उचलून टेम्पोत ठेवलं आणि वडखळमार्गे पेणला आणलं. गल्लीतून आत घ्यायला पाइपांच्या तुकड्यांवरून सरकवत न्यावं लागलं. घरात थ्री फेज नव्हतं, म्हणून मिथुनने सिंगल फेजची मोटर बसवून घेतली. जमीन समतल करून खाली जाड पट्ट्या दिल्या. कोपऱ्याकोपऱ्यातून जुन्या गणपतीच्या मातीची धूळ निघत होती, ती दिपिकाने ओल्या फडक्याने पुसून काढली, कारण मशीनला धूळ चालत नाही हे तिला आता पाठ झालं होतं.

पहिल्यांदा पितळेवर हत्यार लावलं तेव्हा सोनेरी कीस उडून मिथुनच्या शर्टात गेला. तो हसत सुटला. त्या दिवशी त्याने फक्त एक साधी चकती कातली आणि ती दिपिकाला, शेजाऱ्यांना, दूधवाल्याला दाखवली.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी दारात दाजी उभे होते.

इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्म्याची डबी, पायात चपला. मागे कुणी नाही.

"माझं मशीन हितं हाय ना?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. दुरुस्तीला टाकलेली वस्तू न्यायला आल्यासारखं ते विचारत होते. "बेअरिंग गरम व्हतंय काय?"

"या, दाजी," मिथुन म्हणाला आणि दारातून बाजूला झाला.

दिपिकाने वैशालीला फोन लावला. दाजींनी सकाळपासून मशीन कुठंय, मशीन कुठंय म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. वैशालीने शेवटी सांगून टाकलं की पेणच्या चष्मेवाल्याकडे आहे. ती भाजी आणायला गेली तेवढ्यात ते एसटीत बसले. पंच्याहत्तरीच्या पुढे तिकीट पडत नाही, त्यामुळे कंडक्टरनेही फार काही विचारलं नसणार.

"बरं झालं बाई तुमच्याकडंच आले," वैशाली फोनवर म्हणाली. "हे शिफ्टला गेलेत. गेटवर फोन जमा करतात. चारशिवाय कळायचं पन नाय त्यांना."

तो दिवस बरा गेला. दाजींनी मशीनला तेल दिलं. बेल्टचा ताण बघितला. मिथुनने कातलेल्या चकतीच्या कडेवरून नख फिरवून "हत्यार सेंटरच्या खाली हाय तुझं" म्हणाले आणि हत्याराखाली पत्र्याचा तुकडा घालून दिला. संध्याकाळी मिथुनने त्यांना स्कूटरवरून स्टँडवर नेलं, रोहा गाडीत बसवलं, कंडक्टरला सांगितलं. रितेश तिकडे उतरवून घ्यायला उभा राहिला.

मग ते दर सोमवारी येऊ लागले. घरच्यांनी कडी लावली तर दारावर धडका मारायचे, शेजारी जमायचे. सोमवारचा त्यांना बरोबर पत्ता लागायचा. कसा, ते कुणालाच कळलं नाही. इतर दिवशी कुठला वार आहे तेही त्यांना सांगता यायचं नाही.

मिथुनला सुरुवातीला ते आवडलंही. शिकवणारा माणूस आयता दारात आला होता. पण चकची चावी तो डोळ्यांत तेल घालून सांभाळायचा. दाजींनी आवळली की लगेच काढून खिशात घालायचा. एका सोमवारी एका गिऱ्हाइकाचा फोन आला, चष्म्याची काडी तुटली होती आणि त्याला परगावी जायचं होतं. मिथुन फोन कानाला लावून दारापर्यंत गेला, तेवढ्यात मागे मोठा खणखणाट झाला. चावी चकमध्येच राहिली होती. मशीन सुरू होताच ती सुटली आणि दाजींच्या कानाजवळून वर जाऊन सिमेंटचा पत्रा फोडून बाहेर पडली.

दाजी बटनावर हात ठेवून उभे होते. त्यांना काही झालं नव्हतं. पत्र्यातल्या भोकातून उन्हाचा कवडसा खाली जमिनीवर पडला होता.

"पत्रा जुना झालाय," दाजी म्हणाले. "बदलून घे."

दिपिका धावत आली. तिने भोक बघितलं, दाजींना बघितलं आणि मिथुनला बाहेर बोलावलं. "त्यांच्या डोक्यात बसली असती तर आपन रितेशभावजींना काय तोंड दाखवलं असतं? बंद करा हे."

"कसं बंद करू? माणूस दारात येऊन उभा राहतो."

"मग मशीन बंद करा."

पुढच्या सोमवारी दाजी यायच्या आधी मिथुनने मशीनचा फ्यूज काढून ठेवला. दाजींनी तुकडा धरला, आवळला, बटन दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. बेल्ट हाताने फिरवून पाहिला. मग मिथुनकडे वळले.

"लाईट गेली काय?"

"व्हय," मिथुन म्हणाला. "लाईट गेलीय."

दाजी स्टुलावर बसले. "येईल," म्हणाले. आणि लाईट यायची वाट बघत बसून राहिले. दिपिकाने चहा दिला, दुपारी जेवायला वाढलं. मधून मधून ते उठून बटन दाबायचे आणि परत बसायचे. संध्याकाळी गाडीत बसताना म्हणाले, "आज काय काम झालं नाय. तुमच्याकडं लाईटचा लय त्रास."

असं काही सोमवार चाललं. मिथुनचा तेवढाच मोकळा दिवस होता, आणि तो दिवस आता बंद मशीनशेजारी बसून राहण्यात जात होता. सकाळी दुकान उघडायच्या आधी थोडा वेळ मिळायचा, पण इंजिनाचं काम अर्ध्या तासाच्या तुकड्यांत होत नाही. सिलेंडर अर्धा कातून पडला होता. त्याने एकदा रितेशला शिफ्ट सुटल्यावर फोन केला.

"रितेशभाऊ, मशीन परत घेऊन जा. मला पैसे नकोत. त्यांना त्यांच्या जवळ बरं वाटेल."

रितेश कंपनीच्या बसची वाट बघत उभा होता. "ठेवू कुठं? गाळा गेला. तिथं आता मोबाईलचं दुकान हाय. नि घरात ठेवलं, नि वैशालीचं लक्ष नसताना हात गेला आत, तर? मी कंपनीत असनार. मला कोन सांगनार?"

"डॉक्टर काय म्हणतात?"

"गोळ्या दिल्यात. बोलले, याच्यानं बरं होनार नाय, जरा हळू वाढंल. सांभाळा बोलले." रितेशने श्वास सोडला. "सांभाळा बोलायला काय जातंय. मी बापाला बांधून घालू काय?"

  तेवढ्यात बस आली आणि त्याने फोन ठेवला.

एप्रिल संपत आला होता. शेडमध्ये पत्रा तापून भट्टी व्हायची. त्या सोमवारी दाजींनी बटन दाबलं, थांबले, आणि हळूच वर बघितलं. वर पंखा फिरत होता.

"लाईट गेली म्हनतोस," दाजी म्हणाले, "नि पंखा फिरतोय."

मिथुनचीही नजर पंख्याकडे गेली.

"बंद करून ठेवलंयस तू."

त्या दिवशी दाजींचे डोळे अगदी स्वच्छ होते. समोरच्या माणसाशी आता खोटं बोलून चालणार नाही, हे मिथुनला दिसत होतं. "दाजी, चकमध्ये चावी राहिली होती. तुम्ही मशीन चालू केलंत. ते बघा, वर भोक पडलंय."

दाजींनी भोकाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. "मी?"

"व्हय."

"माझ्या हातनं?" ते स्टुलावर बसले. "आमच्याकडं एक पोरगा व्हता कामाला, त्यानं एकदा चावी ठेवली म्हनून मी त्याला कानफटात दिली व्हती. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाय." त्यांनी हाताने तोंड पुसलं. "रितेशला ठाऊक हाय?"

"हाय."

"म्हनून मशीन विकलान त्यानं."

"व्हय, दाजी."

दाजी उठले. मशीनवरचं फडकं घडी करून ठेवलं. "बरं केलान," ते म्हणाले. "चल, मला गाडीत बसव. आता नाय येनार मी."

मिथुनने त्यांना स्टँडवर नेऊन गाडीत बसवलं. गाडी गेल्यावरही मिथुन बराच वेळ तिथल्या बाकावर बसून होता. घरी येऊन त्याने दिपिकाला सगळं सांगितलं. "सुटलो एकदाचे," असं म्हणेल असं तिला वाटलं होतं, पण तो म्हणाला, "मी सांगायला नको होतं."

पुढच्या सोमवारी सकाळी दारात दाजी उभे होते. इस्त्रीचा शर्ट, खिशात डबी.

"माझं मशीन हितं हाय ना? बेअरिंग गरम व्हतंय काय?"

त्यांना काहीच आठवत नव्हतं. भोक नाही, चावी नाही, आता नाय येनार म्हणालेलं नाही. मिथुनला कळून चुकलं की आता दोनच गोष्टी आहेत. या माणसाला दर सोमवारी नव्याने ते सांगायचं आणि त्याचा तोच चेहरा बघायचा, नाहीतर दर सोमवारी खोटं बोलायचं. त्याने घरात जाऊन शेडचा मेन स्विचच पाडला. दिवा गेला, पंखाही गेला.

"लाईट गेली," तो म्हणाला.

"येईल," दाजी म्हणाले.

त्या उकाड्यात दोघे अंधाऱ्या शेडमध्ये बसून राहिले. घाम पाठीवरून ओघळत होता. दिपिकाने हातपंखा आणून दिला, तो मिथुन दाजींना घालत राहिला. मे महिन्याचे सगळे सोमवार असे गेले. मिथुनने इतरांनाही विचारून पाहिलं. दुकानात येणाऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं, दुसऱ्या कशात तरी मन रमवा. मिथुनने पितळेचे तुकडे आणि कानस आणून दिली. दाजींनी थोडा वेळ घासलं आणि कानस खाली ठेवली. "हे पोराटोरांचं काम," म्हणाले. "लाईट आली काय बघ."

जूनमध्ये एका मंगळवारी दुकानात फोन आला. बाईचा आवाज होता.

"ओ, चष्मेवाले काय तुमी? मी खांबवरनं शकू बोलतेय, माझी चहाची गाडी हाय हायवेला. एक म्हातारबाबा सकाळधरनं हितं बसलेत. घर कुठं इचारलं तर सांगत नाय. खिशातल्या डबीवर तुमचा नंबर दिसला म्हनून लावला."

मिथुनने वैशालीला फोन करून कळवलं, शटर खाली ओढलं आणि मित्राची गाडी मागून घेतली. वार चुकून मंगळवारीच पेणला यायला निघालेले दाजी नागोठण्याला उतरले असणार आणि उलट दिशेच्या गाडीत बसले असणार. खांबला पोचला तेव्हा पाऊस लागला होता. शकूने त्यांना प्लॅस्टिकच्या आडोशाला बसवून डोक्यावर पोतं दिलं होतं. एका पायातली चप्पल नव्हती. हायवेवरून ट्रेलर जात होते, प्रत्येक वेळी चिखल उडायचा आणि दाजी दचकायचे.

"रस्ता ओलांडायला बघत व्हते," शकू म्हणाली. "दोनदा धरून आनले. तुमचे वडील काय?"

"नाही," मिथुन म्हणाला. मग त्याला वाटलं, एवढंच सांगून भागणार नाही, पण पुढे काय सांगावं हेही कळेना. "ओळखीचे आहेत."

गाडीत बसल्यावर दाजी काचेतून बाहेर बघत राहिले. कोलाडच्या अलीकडे त्यांनी मान वळवली. "तुमी कुनाचे?"

"मी मिथुन, दाजी. पेणचा. मशीन माझ्याकडं आहे."

"कसलं मशीन?" दाजींनी आदराने विचारलं.

रोह्यात घरासमोर वैशाली भिजत उभी होती. तिने सासऱ्याला धरून आत नेलं, गरम पाण्याने पाय धुतले. रितेश कंपनीतून मोटरसायकलवर आला तो हेल्मेट न काढताच ओट्यावर बसला. वैशालीने कंपनीच्या गेटवर निरोप दिला होता. नंतर त्याने दाराला आतून वरच्या बाजूला, हात पोचणार नाही अशी कडी बसवली. पण तिची फारशी गरज पडली नाही. दाजी परत दाराकडे गेलेच नाहीत.

आता मिथुनचे सोमवार मोकळे होते. मेन स्विच चालू, पंखा चालू, मशीन चालू. त्याने सिलेंडर पुरा केला, पिस्टन कातला, मग चाकही. काम चांगलं होत होतं. हात बसला होता. तरी कुणी दार वाजवलं की तो आधी मशीन बंद करायचा, चकमध्ये हात घालून चावी चाचपायचा आणि मगच वळून बघायचा. बहुतेक वेळा दिपिका असायची. पत्र्यावर डांबराची पट्टी लावली होती, पण मोठ्या पावसात तिथून पाणी झिरपायचं. त्याने खाली बादली ठेवली होती.

गणपती उरकल्यावर तो रोह्याला गेला. जाताना पितळेचं चाक कागदात गुंडाळून नेलं. त्याच्या मनात एक बेत होता. गाडी घेऊन यायचं, दाजींना एकदा शेडमध्ये न्यायचं, चावी आपल्या हातात ठेवायची आणि चालू मशीनसमोर त्यांना उभं करायचं. एकदाच. त्यांना इतके दिवस अंधारात बसवून ठेवलं होतं, ते त्याच्या मनातून जात नव्हतं.

दाजी पडवीत खुर्चीवर बसले होते. अंगाने भरले होते. नखांच्या कडा आता स्वच्छ झाल्या होत्या. मिथुनने चाक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते इकडून तिकडून पाहिलं, जसं कुणी पाहुण्याने आणलेलं काहीही पाहावं तसं.

"छान हाय," ते म्हणाले आणि परत दिलं.

मिथुन उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. वैशाली भाकऱ्या थापत होती. त्याने तिला बेत सांगितला.

वैशालीचा हात थांबला. "नको, भाऊ," ती म्हणाली. "पाया पडते तुमच्या. आत्ता कुठं शांत झालेत. नीट जेवतात, झोपतात. तुमी न्याल नि एखादी गोष्ट आठवली त्यांना, तर परत दिवसभर दार धरून उभे राहतील. तुमी संध्याकाळी पेणला जाल. हितं मी हाय."

"बरोबर आहे," मिथुन म्हणाला. तिचं खरंच बरोबर होतं.

"नि ते मशीन," आत येत रितेश म्हणाला, तो सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होता, "तुमी तुमचं खुशाल चालवा. मनात काय ठेवू नका."

मिथुनला निघायचं होतं, पण वैशालीने पानं मांडली होती. दाजींना हात धरून आणून बसवलं. सुकी मच्छी, तांदळाची भाकरी, भात. दाजी खाली मान घालून सावकाश जेवत होते. मिथुनने दोन घास कसेबसे खाल्ले आणि थांबला. दाजींनी मान वर करून त्याच्या ताटाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"पावन्याला वाढ गो," ते म्हणाले. "लांबनं आलेत ते."

वैशाली भाताचं पातेलं घेऊन आली. मिथुनने ताट पुढे केलं.